हात टेबलावर ठेवा

पुण्याहून आलेला शिकवणारा म्हणाला,
बारीक चौकडीची साडी नको, पडद्यावर वळवळते.
खुर्चीत मागे रेलू नका.
आणि हात टेबलावर ठेवा, दिसतील असे.
हात लपवणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत.

मी ठेवले.
त्याने पाहिले, जरा थांबला, म्हणाला,
नाहीतर राहू दे, मांडीवर चालतील.

सव्वीस वर्षांपूर्वीचे डाग आहेत ते,
काजूच्या टरफलातल्या तेलाचे.
वेंगुर्ल्याला बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
सासऱ्यांच्या रिकाम्या गोठ्यात तीन यंत्रं टाकली, तेव्हाचे.
राख चोळा, खोबरेल चोळा,
कातडं बदलतं, डाग तिथेच परत उगवतो.

तीन मुद्दे, तो म्हणाला. चौथा कुणाच्या लक्षात राहत नाही.
एकशे चाळीस बायका, आठ देशांत माल, पुढच्या वर्षी नवा बॉयलर.
मी पाढ्यासारखे घोकले, आंघोळ करताना, गाडी चालवताना.
नको तो प्रश्न आला तर पूल बांधा, तो म्हणाला:
'ते महत्त्वाचं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं असं की...'
आणि चालत पलीकडे जा.

मी त्याला सांगितलं नाही
की आमच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा तर होती,
आणि मधे पाणी किती, असं कुणी विचारलं
की बाबल तारी
हातातला बांबू बुडवून दाखवायचा.

गुरुवारी अकराला चॅनेलवाले आले.
पदरात माइक खोचला, तोंडावर दिवा.
मुलाखत घेणारी ऋजुता, माझ्या भाचीच्या वयाची.
सोलकढी प्यायली, पेला स्वतः उचलून ठेवला.
पहिले दोन प्रश्न वाफवलेल्या बीसारखे, सहज फुटले.
मग तिने वहीचं पान उलटलं.
'फेब्रुवारीत रेश्मा गवंडेंचा हात भाजला.
हातमोजे होते का?'

पूल तयार होता. पहिला खांब रोवलाही मी,
'कामगारांची सुरक्षितता ही आमच्या...'

काचेपलीकडे गर निवडायला बसलेल्या बायकांचे हात
थांबले.
त्यांना ऐकू येत नव्हतं. तरी थांबले.

शांतता भरायला जाऊ नका, तो म्हणाला होता,
ती विचारणाऱ्याची असते.
ही कुणाची होती कोण जाणे,
एक पाकळी खाली पडली तेवढी ऐकू आली.

'नव्हते,' मी म्हटलं.
'जानेवारीत संपले. मागणीवर सही माझी हवी होती,
ती मी दुबईच्या प्रदर्शनाच्या गडबडीत केली नाही.
आता कपाटाची किल्ली रेश्माच्या कमरेला असते.
तिने मोजे वाटल्याशिवाय एक यंत्र फिरत नाही.'

कॅमेऱ्यामागे शिकवणाऱ्याने डोळे मिटले.

चाळीस मिनिटं बोलले, दाखवलं एक मिनिट दहा सेकंद.
'नव्हते' ठेवलं. किल्ली कापली.
खाली लाल पट्टी, तिच्यात माझं आडनाव चुकलेलं.
कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने रात्रीच माल थांबवला.
मंगळूरच्याने फक्त भाव विचारला, नेहमीसारखा.
शिकवणाऱ्याचं बिल आलं, मी भरलं.
त्याची चूक नव्हती. खुर्चीत मी ताठच बसले होते.

सकाळी फाटकाशी रेश्मा.
डाव्या हातावर नवं गुलाबी कातडं, अजून कुणाचंच नसल्यासारखं.
'बघलंय काल,' म्हणाली. 'टीव्हीर नाकात बोलतंस गो वैनी.'
मग कपाट उघडता उघडता,
'पण तुजे हात दाखवल्यानी नाय ते?'

'खांद्यापर्यंतच घेतात,' मी म्हटलं.

तिने एक जोड माझ्याकडे टाकला.
मापाचा नव्हता.
घातला.