शून्यावा घड

रावेर स्टेशनामागं केळी ग्रुपच्या खोलीत
एक कॉम्प्युटर, एक कूलर.
कूलरची हवा लीलाधरशेठना,
कॉम्प्युटर मला.
दिवसभर तौलपावत्या चढवते, घडामागून घड.

कॉलेजात अत्तरदे सरांनी एकदाच
फळ्यावर अधिकचं चिन्ह काढून शेजारी तिरकी रेघ ओढली होती.
"एवढ्यात अख्ख्या यादीची बेरीज."
भाषेचं नाव एकाच अक्षराचं.
आणि एक अक्षर शोधायला गेलं
की सगळं जग सापडतं, ते सोडून.

तीन रात्री.
एक दुवा मेलेला, एक पैसे मागणारा,
एकाला आधी माझा फोन नंबर हवा होता.
चौथ्या रात्री साडेअकराला वीज आली
आणि मिळालं. ना किल्ली, ना पावती.
शेठ म्हणाले, "फुकट आहे म्हंजे डागी माल असंल."

पांढरी पाटी उघडली.
डावीकडं तीन जागा सोडून
लुकलुकणारी एक उभी रेघ.
तिनं काही विचारलं नाही,
मलाही काही सुचलं नाही.

पुस्तिका वेगळी शोधावी लागली.
अठ्ठेचाळीस पानं,
कुणीतरी लिहून, झाकण लावून ठेवून गेलेलं.
भुसावळला झेरॉक्स, पानाला दीड रुपया:
फुकट गोष्टीचे बहात्तर झाले.

ओळ उजवीकडून सोडवायची,
शंटिंगला डबे मागं ढकलतात तशी.
हे जमलं. एकोणिसाव्या पानावर अडले:
काम नेमकं कोणत्या थरावर करायचं?
सुपडूकाका काट्यावरून उठून आले,
तंबाखू मळता मळता म्हणाले,
"केळ. केळांची फणी. फण्यांचा घड.
घडांची ओळ, ओळींचा मळा.
आता सांग वं, विळा कुठं लावू?"

पानाच्या कडेला मी तेवढंच लिहिलं, मराठीत.

"पण पह्यला घड इथं शून्यावा," मी म्हटलं.
काका हसले. मग काट्याकडं पाहत राहिले.
"घड ठेवायच्या आधी
तो काय दाखवतो?"

काल दोन हजार एकशे घड एका ओळीत टाकले.
कूलरनं मान वळवायच्या आत उत्तर.
पावत्यांच्या बेरजेशी अकरा किलोंचा फरक.
पुन्हा विचारलं. अकराच.

शेठना अजून विचारलेलं नाही.