चाळिसाव्या दिवसाचा पेला

दोनशे चौदा छात्या आहेत त्या फाइलमध्ये.
त्सिआला नर्सने जाळायच्या ढिगातून उचलल्या,
रात्रपाळीत एकेक खिडकीच्या काचेला धरून
फोटो काढले. काचेमागे दरी, दरीत खाणीचे दिवे,
मधे कुणाची तरी फुप्फुसं,
मँगनीजची धूळ बसलेली,
पिठाच्या गिरणीतल्या कोळिष्टकांसारखी.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून माझ्याकडे आली.
म्हणाली, असं कुलूप लाव
की कंपनीच्या माणसाने माझा हात पिरगाळला
तरी माझ्याकडून उघडू नये.
मी म्हटलं, मग अख्खी किल्ली तुझ्याकडे नको.

बारा शब्द फाशांनी पाडायचे ठरले.
फासे बरे. माणूस निवडायला बसला
की लेकीचं नाव निवडतो, नाहीतर जन्मसाल.
सहा तिचे, सहा बेसारिओनचे,
जो तीस वर्षं रोपवेचा पाळणा वरखाली करायचा
आणि ज्याच्या तोंडून कुणाची गोष्ट खाली उतरली नव्हती.
मी पाठ फिरवून उभी राहिले,
त्यांनी पाठ केले.
कागदावर लिहू नका, बजावलं.

फाइल एन्क्रिप्ट झाली. पडद्यावर नुसता चिवडा,
अक्षरं, आकडे, रिकामे चौकोन.
त्सिआला हसली : हे तर आमच्या डॉक्टरांचं अक्षर.

फेब्रुवारीत बेसारिओन गेला.
झोपेत, कुणाला काही न सांगता,
म्हणजे अगदी मी शिकवलं होतं तसा.
कुतैसीचा वकील फोनवर फोन करत होता.
त्सिआला तिचे सहा शब्द ओठांत घोळवत फिरायची,
दरीच्या एकाच काठाला बांधलेली तार जशी.
मशीन लावून एकेक शब्द ताडून पाहू, असा हिशेब मांडला मी.
डोंगर आधी झिजला असता.

चाळिसाव्या दिवशी गुलनाराकडे जेवण.
पेले भरले. म्हातारा ओतिया उठला, म्हणाला,
बेसारिओनचा पेला त्याच्याच शब्दांत घेऊ.
आणि सगळं टेबल एका आवाजात :

अक्रोडाखालच्या खेचराला,
बुधवारी वाजलेल्या शिट्टीला,
मिठाला,
आणि उतरताना चुकलेल्या पायरीला!

गेली दोन वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बाप्तिस्म्याला
तो हाच पेला उचलायचा. विसरू नये म्हणून.
पोरासोरांना तोंडपाठ होता.
त्यावर चारदा तर मीच प्यायले होते,
लोकांबरोबर हसत, की म्हातारा चळला.

त्सिआलाने माझ्याकडे पाहिलं.
मी टेबलाखाली बोटं मोडली. सहा.

मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला. नाही लागला.
पुन्हा. नाही.
दारात भांडी घेऊन गुलनारा उभी होती.
म्हणाली, काय करताय ते विचारत नाही,
पण झोपेत बडबडायचा तेव्हा मीठ आधी यायचं.

पहिली छाती ओतियाच्या भावाची निघाली.
बाहेर ओतिया अजून गात होता.
आम्ही आवाज न करता झाकण मिटलं.

वर्गात मी आजही सांगते,
पासवर्ड कुणालाही सांगू नका.
नवे शब्द पाडलेत. सहा आता गुलनाराकडे.
परवा ती अंगणात कोंबड्यांना हाका मारत होती,
नावं जरा विचित्रच वाटली.
मी पाठ फिरवली.