इतिवृत्त

सभा रात्री साडेआठला, पडद्यावर.
गणपूर्ती: सव्वीस चौकटी,
त्यातल्या नऊ काळ्या, नुसती आडनावं.
एकीत फक्त फिरता पंखा;
खळदकरांनी फोन ताटाशेजारी उताणा ठेवला असणार.

पूर्वी आम्ही पार्किंगमध्ये भरायचो,
स्कूटर बाहेर, सहकारनगरच्या उतारावर लावून,
भाड्याच्या खुर्च्या आणि एक खरखरता माइक.
तेव्हाचे ठराव मी कानांनी कमी,
डोळ्यांनीच जास्त लिहिलेत.
ओसवालांचा पाय हलायला लागला
की खर्चाचा विषय आवरता घ्यायचा.
मुजुमले नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं
की दोन मतं गेली.
आणि बोकीलबाई चष्मा काढून
पदराच्या टोकानं पुसायला लागल्या
की अध्यक्षसुद्धा वाक्य अर्धं सोडायचे.
बाई नाही म्हणण्याआधी काचा स्वच्छ करतात,
हे वॉचमनलाही ठाऊक होतं.

इथं सगळे माझ्याकडे बघतात,
म्हणजे कुणीच बघत नाही.
कॅमेऱ्यात पाहावं तर समोरचा दिसत नाही,
समोरच्याला पाहावं
तर आपली नजर खाली, चोरासारखी.
कोण कुणाला हसलं ते हसणाऱ्यालाच माहीत.
दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात,
"बोला ना", "नाही, तुम्ही आधी",
एवढी अदब आमच्या सोसायटीत
पंचवीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

विषय क्रमांक चार:
जनरेटर, ए विंगच्या मागे,
तळमजल्याच्या खिडकीलगत.
"कुणाचा विरोध?"
पाच सेकंद.
तीन पिवळे अंगठे वर आले, विरले.
दुसऱ्या पानावर, अगदी खालच्या ओळीत,
बोकीलबाईंनी चष्मा काढला.

मी पाहिलं.
म्हणजे, माझ्याच चौकटीत
कपाळावरची बट मागे सारता सारता
पाहिलं.
तेवढ्यात चित्र गोठलं:
चष्मा हातात, पदर अर्ध्या वाटेवर.
"मग मंजूर," अध्यक्ष म्हणाले,
आणि पंख्याखालून कुणीतरी ढेकर दिली.

टाइप केलं: एकमताने.

सकाळी दूध घ्यायला उतरले
तर बाई खिडकीत.
गज, डासांची जाळी, मागे त्या;
चौकट कालच्याहून फार मोठी नव्हती.
मी हात केला.
त्यांनी पाहिलं, सरळ, डोळ्यांत,
मला सवय मोडलेली, इतका वेळ.
मग चष्मा काढला.
पुसला नाही.
नुसता हातात धरून
उभ्या राहिल्या.