सातवी खूण

डिचोलीची रेंज. मागे खाणीचा लाल कडा,
कागदावरच्या वर्तुळांवरही तीच धूळ.
एव्हारिस्तने नळीच्या तोंडाला ट्यूनर चढवला,
कट्-कट् फिरवत सातवर थांबला.
पाच गोळ्या, एकच भोक:
मिरीचे दोन दाणे मावतील एवढं.
"बघ, नळी थरथरायची थांबली."

बोल्ट उघडा ठेवून तो नवा कागद लावायला गेला,
तेव्हा मी कडं तीनवर नेलं.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

परतला. अर्धा श्वास सोडला. पाच झाडल्या.
आता एकच दाणा मावेल, तोही जेमतेम.

"सात," तो पुटपुटला,
छातीवर क्रूस काढला.

गाडीत मी एवढंच म्हटलं,
वारा पडला होता रे.

बोटांना अजून तेलाचा वास येतो.