सेकंडचा माल

स्रवंती पुण्याहून आली ती ठरवूनच.
"आई, तीन काढलेत. एक सांग, आत्ता बुक करते."
विडी घरकुलातली आमची दहा बाय बारा,
पंखा गरम हवाच ढवळत होता,
आणि तिच्या मोबाइलमध्ये समुद्र.

पहिलं, निळी खाडी रिसॉर्ट. साडेचार तारे.
पोहायचा तलाव, नाश्ता धरून, दोन रात्रींचे अकरा हजार.
ती बोटानं फोटो सरकवत होती.
थांब, म्हटलं, मागं घे.
पलंगावर दोन पांढरे हंस,
चोचीला चोच.
"हे काय गं?"
"टॉवेलचे करतात आई, पाहुणे यायच्या आधी."
फोन डोळ्यांजवळ धरला.
काठाला तीन पट्ट्या, मधली जाड.
हा माल आमचा आहे की!
गेल्या श्रावणात नऊशे नग गेले,
निम्मे माझ्या हाताखालून,
दशी दिसली की कातर, दशी दिसली की कातर.
बावीस वर्षं चेकिंगला आहे,
त्याला मान काढता येते
हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं, करवंद हिल्स. धुकं, झोपाळा, शेकोटी.
"ह्यांचं नको."
"का?"
ह्यांनी नमुना मागवला साडेपाचशे जीएसएमचा
आणि ऑर्डर टाकली साडेतीनशेची.
वर दिवाळीच्या तोंडावर दोनशे नग परत,
पाहुण्याच्या पाठीला टोचतो म्हणे.
लच्चव्वाची आणि माझी हजेरी कापली त्यापायी.
ती पाठ मला एकदा बघायचीय.
"रिव्ह्यू तर छान आहेत त्यांचे."
असतील.

तिसरं साधंच, मालवणच्या अलीकडं.
आठ खोल्या. तारे तीन.
कुणी लिहिलंय, मालकीणबाई फार बोलतात.
फोटोत एक झोपलेलं कुत्रं
आणि मागं दोरीवर पिस्ता रंगाचा टॉवेल,
उन्हानं उडालेला, पण काठ शाबूत.
तो रंग आम्ही बंद करून सहा वर्षं झाली.
म्हणजे सहा वर्षं धुतायत,
खाऱ्या वाऱ्यात वाळवतायत,
आणि टाका हललेला नाही.
"हे," मी म्हटलं.
"पण इथं पूल नाही आई."
"समुद्र आहे ना?"
ती हसली, तिच्या बापासारखी, नाकातून.
बाप म्हणाला, जेवायचं काय तिथं?
कडक भाकऱ्या नेऊ का बांधून?

मी एकाही हॉटेलात राहिलेली नाही.
पण आमच्या दोरीवर सगळी येऊन गेलीत.
सेकंडचा माल कामगारांना किलोवर मिळतो.
ह्यांच्या खांद्यावर 'निळी खडी', काना उडालेली.
स्रवंतीनं दहावीपर्यंत केस पुसले
'हॉटेल राजवैभ'ला,
शेवटचा व जेकार्डवरच राहून गेला.
मैत्रिणी आल्या की ती तो
उलटा वाळत घालायची.
मला दिसायचं. मी काही बोलले नाही.

त्या रात्री चटईवर बसून
'राजवैभ'चा हंस करून बघितला.
पंख झाले. मान काही उभी राहीना,
किती वर्षांचे धुणे, अंगात कसच उरला नाही.
हे कूस बदलता बदलता म्हणाले,
"काय गं ते, कोंबडी?"

निघायच्या आदल्या दिवशी
तोच घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवला.
"तिथं देतात आई टॉवेल."
"ते पाहुण्यांना."
तिनं माझ्याकडं बघितलं. काढला नाही.
वरून स्वतःचा ड्रेस ठेवला, सरळ घडी, नाव दिसेल असा टॉवेल
तसाच राहू दिला.

गाडी रात्री पावणेदहाची.
स्टँडवर बाकड्यावर बसून पर्स चाचपली,
ह्यांच्या गोळ्या, सुटे पैसे, चष्मा,
आणि छोटी कातर.
त्या पिस्त्याची एखादी दशी
निघाली असेल इतक्या वर्षांत.