एक जून

बिडी कारखान्याच्या कार्डावर नरसव्वाचा जन्म एक जूनचा.
आमच्या गल्लीत अकरा जण एक जूनचे.
कुठल्यातरी कारकुनानं एकदाच दौतीत टाक बुडवून
सगळ्यांना एका दमात जन्माला घातलंय.

यंदा तिचे शेवटचे चार दात गेले.
कवळी बसेना, हिरडी अजून हुळहुळी.
कडक भाकरीच्या गावात बिनदाताची बाई.
ती भाकरी दुधात कुस्करते
आणि भिजेपर्यंत वाटीकडे न बघता
माझ्याकडे बघत बसते,
जशी मीच ती वाळवून ठेवली होती.
तिथून सुचलं.

मी जॉबर. सदतीस वर्षं लूम दुरुस्त केले.
ऑर्डर नाही म्हणून शेठनं दोन महिने शेड बंद ठेवलीय,
हात नुसते लोंबतात.
नातीनं फोनवर सांगितलं, मी बिलबुकाच्या मागं लिहून घेतलं:
सहा अंडी, पांढरं वेगळं, पिवळं वेगळं,
मैदा अलगद. अलगद हा शब्द तिनं तीनदा सांगितला.

कुकरची शिट्टी काढली, रिंग काढली, तळाशी मीठ.
किनार तिरपी गेलेला सेकंडचा टॉवेल फाडून
चार बोटं रुंद पट्टी केली, ओली करून
डब्याभोवती गुंडाळली, सेफ्टी पिन.
अशानं केक मधे फुगत नाही, सपाट वर येतो.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, आज चौथा,
म्हणून पट्टी तांदळाच्या धुवणात भिजवली.
(हे तिला सांगितलेलं नाही.)

थंड झाल्यावर सूत घेतलं, दोन पदरी, पीळ देऊन.
केकच्या कमरेला वेढा, टोकं एकमेकांवरून ओढली.
पहिला थर सरळ निघाला. मीच हसलो.
दुसऱ्याला माझा हात थरथरला आणि तो फाटला.
तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येते,
मी आयुष्यभर मारली, झोपेतसुद्धा.
केकला गाठ बसत नाही.
साय लावून चिकटवला.

मग दूध. एक डब्यातलं घट्ट, एक आटवलेलं, एक तसंच.
फणीत धागा ओवायचा हूक उकळून घेतला
आणि त्यानं भोकं पाडली, ओळीनं, सवयीनं,
इंचाला किती ते मोजत.
चमच्यानं सोडत राहिलो.
वरून वाटायचं प्यायला.
खालून सगळं ताटलीत.

ती बिड्या देऊन आली. हजारातल्या साठ छाट काढल्या म्हणे,
तोंड त्याच रागात.
"इदेमय्या?"
मी म्हटलं, केक.
तंबाखूनं पिवळं झालेलं बोट तिनं कडेला टेकवलं,
पानाचा ओलावा बघतात तसं.
"घाई केलीस. पान असं भिजत नाही.
रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आम्ही."
आणि माझ्या हातातून चमचा घेतला.

अकराला वीज गेली. फ्रीज गप्प.
डबा परातीत, परातीत ओली चादर,
चादरीवर खिडकीतला गरम वारा.
ताटलीत उतरलेलं दूध ती पुन्हा पुन्हा
चमच्यानं वर चढवत होती,
अंधारात, न सांडता, मोजल्यासारखं.
मी दोनदा झोप म्हटलं.
ती म्हणाली, तू बोल, हात आपोआप चालतो.
काय बोलणार? शेडचं बोललो.
कुलूप गंजलंय म्हणालो.

सकाळी वरची साय वितळून कडेनं ओघळलेली.
दशा सोडल्यात, मी म्हटलं. ती हसली नाही.
सुरी न घेता चमच्यानंच दहा वाट्या भरल्या:
अंबक्काला, गाजूलच्या म्हाताऱ्याला,
वरच्या मजल्यावरच्या त्या शाळकरी पोराला,
ज्याची एक जून खरीच आहे.
सारखं वाटणं तिला कधी जमलंच नाही,
म्हाताऱ्याची वाटी काठोकाठ, पोराची त्याहून जास्त.

डब्यात उरला फाटलेला थर
आणि तळाशी साचलेलं रात्रभरचं दूध.
उंबऱ्यात बसून, डबा तिरका करून
तिनं तो ओरपला, हिरड्यांनी, डोळे मिटून.
मग बोटानं कड पुसली.

दुसरा चमचा माझ्या हातात होता.
तो तिला दिसला.
"पुढच्या वर्षी," ती म्हणाली,
आणि डबा पालथा घातला.