बॉलपेनची वर्तुळं

रात्री अडीचला फोनने त्याला ओळखलं नाही.
दोनदा तोंडासमोर धरला, तिसऱ्यांदा दिव्याखाली,
कुलूप उघडेना.
डोळ्यांच्या जागी दोन चिरा,
वरचा ओठ दुसऱ्याच कुणाचा आणून बसवलेला.
"सिस्टर, मीच आहे ना?" म्हणाला
आणि हसायला गेला. ओठ जागचा हलला नाही.

लतीफ परकार. खेडचा.
सोहार बंदरात क्रेनवर अठरा वर्षं.
तीन दिवस ताप, घसा; खोलीतल्या सहाही जणांना
एकामागून एक तेच.
आज मगरिबनंतर कोपरावर गांधी उठल्या,
आधी मुगाएवढ्या, मग रुपयाएवढ्या,
मग एकमेकींत मिसळून पाठभर.

सोबत आलेला सिल्हेटचा पोरगा म्हणतो, कोळंबी.
ड्रायव्हर म्हणतो, टाकीचं पाणी.
लतीफ म्हणतो, नजर.
मी म्हणते, जीभ बाहेर काढ.

जीभ ठीक. थुंकी गिळतोय.
बोटाला चिमटा : सत्त्याण्णव.
छातीत शिट्टी नाही.
तरीही ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनालिन काढून ठेवते,
वापरावं लागू नये म्हणून काढतात तसं.

गोळ्या कुठल्या घेतल्यास?
गप्प.
मग खिशातून चुरगळलेलं पाकीट,
अंगदुखीची, शेजारच्या बंकवरची,
दोन काल, दोन आज.
तापाने पेटवलं आणि हिने वारा घातला, मी सांगते.
आता साधं पॅरासिटामॉल. हे इकडे दे.

"हे कागदावर लिहिणार? पुढच्या महिन्यात मेडिकल आहे."
लिहिते. विषाणूचा ताप, त्याबरोबर उठलेलं पित्त.
एवढ्यावरून कुणाला परत पाठवत नाहीत, असं म्हणते,
निदान माझ्या पाहण्यात नाही,
हे मनातल्या मनात.

अंगठी मात्र बोटात रुतत चाललेली.
वडिलांची, ते लाँचवर होते तेव्हाची, फिरोजा बसवलेली.
"कापायची नाही."
मग साबण, मग रेशमी दोरा
अंगठीखालून ओढून बोटाला गच्च वेढे,
एकेक वेढा सोडवत वीस मिनिटं.
शेवटी सुटली तेव्हा दोघांनाही घाम,
एसी अठरावर.

डॉक्टर मुना येऊन बघून गेल्या,
खाजेची गोळी, थंड पाण्याच्या घड्या, पहाटेपर्यंत नजरेसमोर.
"आमसूल नाही का तुमच्याकडं? आई भिजवून फासायची,
वरून घोंगडं."
नाही, म्हणते.
लॉकरमध्ये अर्धा पुडा आहे, सारासाठी.
तो माझा.

तीन वाजता मी बॉलपेनने
दंडावरच्या प्रत्येक गांधीभोवती रेघ ओढली.
साडेपाचला वर्तुळं तशीच, आत काहीच नाही,
कातडी साफ, जशी आधी होती.
आणि पोटावर नव्या.
"फिरतायत!" तो घाबरला.
फिरतातच, मी म्हटलं, हीच यांची खूण.
दिवसभर एका जागी टिकत नाहीत.
त्याने रिकाम्या वर्तुळांकडे बघितलं.
"मी टिकलो की," म्हणाला.

सहाला घरून व्हिडिओ कॉल.
त्याने कॅमेरा छताकडे फिरवला,
एसीची जाळी, ट्यूबलाइट,
नेटवर्क खराब आहे, म्हणाला.
तिकडून शमीम :
तोंड का दाखवत नाहीस? आवाज तर तुझाच आहे.

आवाज त्याचाच होता.
घोगरा नाही, अडकत नाही,
एका दमात तिला गॅस सिलिंडरचे पैसे,
धाकटीची फी, छपराची कौलं, सगळं विचारत होता.
मी मागे उभी राहून घड्या बदलत
कौलं ऐकत होते.
फोन ठेवायला लागला तेव्हा
म्हटलं, अजून थोडं बोल.